खाट रामदासपेठेत, पत्ता गावचा

संध्याकाळी सेंट्रल बाजार रोडवरून लोकमत चौकाच्या दिशेने चालत निघालं की रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पाट्या संपता संपत नाहीत. हाडांचे, हृदयाचे, मेंदूचे, डोळ्यांचे आणि लहान मुलांचे. लहान मुलांच्या दवाखान्यांबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर सहज वाचून बघा. बऱ्याच एमपी पासिंगच्या असतात, काही सीजी पासिंगच्या. पायरीवर एखादी आजी टेकलेली असते. शेजारी स्टीलचा डबा, थर्मास, आणि पिशवीत घडी न मोडलेलं नवं झबलं. नात वर काचेच्या पेटीत आहे. तिची आई शंभर किलोमीटरवरच्या दवाखान्यात टाके घालून पडलेली आहे. बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यावरून खाली-वर करतो आहे.

हे बाळ वाचलं तर चार-आठ दिवसांनी गावी जाईल. दगावलं, तर त्याच्या मृत्यूची नोंद नागपूर महानगरपालिकेकडे होईल. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथेच ती नोंदवायची असते. जन्म शिवनीकडच्या एखाद्या गावात लिहिलेला आणि मृत्यू नागपूरच्या वहीत. म्हणजे केवळ ही वही चाळणाऱ्याला असंच वाटेल, की जिथे एवढे दवाखाने, एवढे बालरोगतज्ज्ञ, एवढी यंत्रं, तिथेच बाळं जास्त दगावतात. आणि ज्या गावात दाईशिवाय कुणी नव्हतं, त्या गावची वही कोरी.

या कोड्याचं उत्तर शोधता शोधता आरोग्यशास्त्रातला एक फार जुना आणि फार उपयोगी आकडा नीट समजतो. त्याचं नाव अर्भकमृत्यू दर.

हजारातली किती?

एका वर्षात एखाद्या भागात जितकी बाळं जिवंत जन्मली, त्यांतल्या दर हजारामागे किती बाळं पहिला वाढदिवस येण्याआधी दगावली, एवढाच हा हिशेब. एखाद्या तालुक्यात वर्षभरात २,००० बाळं जन्मली आणि एक वर्ष पुरं होण्याआधीची ५० गेली, तर दर २५.

१९७१ मध्ये भारताचा हा दर १२९ होता. म्हणजे जन्मलेल्या दर आठ बाळांमागे जवळपास एक जायचं. २०२० मध्ये तो २८ वर आला. त्याच वर्षी महाराष्ट्राचा १६, केरळचा ६, छत्तीसगडचा ३८ आणि मध्य प्रदेशचा ४३. नागपूरहून सावनेर ओलांडून सौंसरकडे निघालं तर तासा-दीड तासात राज्याची हद्द बदलते. मातीचा रंग बदलत नाही, संत्र्याच्या बागा तशाच असतात, बोलणंही बरंचसं मराठीच. दोन राज्यांच्या आकड्यांत मात्र अडीच पटींहून जास्त अंतर. दोन्हीकडची बाळं जन्मतात सारखीच. त्यांच्याभोवती जे असतं किंवा नसतं, त्यात फरक आहे.

बाळच का मोजायचं?

एखाद्या समाजाची तब्येत मोजायची तर म्हातारी माणसं का मोजत नाहीत, कमावती का नाहीत? बाळच का?

वाटीभर वरण आणि पातेलंभर वरण ओट्यावर शेजारी ठेवा. वाटीतलं आधी गार होतं. वरण थोडं आणि हवेला लागणारा पृष्ठभाग त्या मानाने मोठा, म्हणून. नवजात बाळाचं अंगही तसंच. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी, कातडीखाली चरबी कमी, आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं. जन्मताच ते ओलं असतं. पुसून, गुंडाळून आईच्या छातीशी धरलं नाही तर बघता बघता हातपाय गार पडतात. गार पडलेलं बाळ अंग ऊबदार ठेवण्यासाठी साखर जाळतं. ती साखर त्याच्याकडे फार थोडी साठवलेली असते. साखर उतरली की ते सुस्त होतं, दूध ओढत नाही. दूध पोटात नाही म्हणून साखर आणखी उतरते. बाहेरून काहीच झालेलं नसतं. 'बाळ शांत झोपलंय' असंच घरात म्हणत असतात.

मोठ्या माणसाला चार दिवस जुलाब झाले तर तो गळून जातो. बाळाच्या अंगात एकूण पाणीच थोडं, त्यामुळे तेवढ्याच जुलाबांनी ते एका दिवसात धोक्यात येतं. मोठ्याच्या श्वासनळीला सूज आली तर खोकला होतो, बाळाची नळी बारीक, तीच सूज तिथे वाट अडवते. रोगाशी लढण्याची स्वतःची तयारी व्हायला महिने लागतात. तोवर आईकडून पोटात असताना आणि दुधातून जे मिळालं त्यावर भागवायचं.

काटोल-वरुडकडे संत्र्याची कलमं तयार करणाऱ्या कुणालाही विचारा. विहिरीचं पाणी खाली गेलं की ते आधी कुठे कळतं? दहा वर्षांचं झाड उन्हाळा ढकलून नेतं. रोपवाटिकेतली कलमं मात्र आधी माना टाकतात. बाळांचं तसंच आहे. पाणी बिघडलं, अन्न कमी पडलं, रस्ता तुटला, नर्स गावात येईनाशी झाली, बाई वर्षभरात दुसऱ्यांदा गरोदर राहिली, यांतलं काहीही झालं तरी मोठी माणसं काही काळ तग धरतात, आणि बाळांच्या आकड्यात ते लगेच उमटतं. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये आर्थर न्यूजहोम या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने आपल्या अहवालात हेच मांडलं होतं: समाजाचं भलं आणि स्वच्छता जोखायला अर्भकमृत्यूइतकं संवेदनशील माप दुसरं नाही.

काचेच्या पेटीपासून मागे मागे

आता रामदासपेठेतल्या त्या पेटीजवळ परत जाऊ आणि तिथून उलट्या पावलांनी निघू.

बाळ पेटीत का आहे? कारण ते दीड किलोचं आहे आणि त्याला जंतुदोष झालाय. जंतुदोष म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग. दोन दिवस ते नीट प्यायलं नव्हतं, तरी इथे आजच का आलं? आरोग्याचे अभ्यासक इथे तीन उशीर मोजतात. पहिला, दवाखान्यात न्यायचं हे ठरवण्यातला. ठरवणारी ती बाळंतीण नसते, सासरा किंवा नवरा असतो, आणि तो कामावरून संध्याकाळी येतो. दुसरा, पोहोचण्यातला. गाडी, रस्ता, नाल्याला आलेलं पाणी. तिसरा, पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. तालुक्याच्या दवाखान्याने जिल्ह्याला पाठवलं, जिल्ह्याने नागपूरला.

आणखी मागे जाऊ. बाळ दीड किलोचं का? दिवस भरले नव्हते म्हणून, किंवा पोटातच वाढलं नाही म्हणून. का वाढलं नाही? आईच्या अंगात रक्त कमी होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी का? कारण ती स्वतः वाढत्या वयात अर्धपोटी राहिली, आणि तिचं शरीर पुरतं वाढायच्या आत तिचं लग्न झालं. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या साधारण दर पाच बायकांमागे एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मुंबई-पुण्यासकट.

एवढं मागे गेल्यावर आपण सेंट्रल बाजार रोडवर उरलेलो नसतो. शेताच्या कडेच्या एका घरात, पंधरा वर्षं आधी, सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या एका मुलीसमोर आपण उभे असतो. रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या वाट्याला या साखळीची शेवटची कडी येते. तीही फार मोलाची आहे, तिथे रोज जीव वाचतात. पण अर्भकमृत्यू दर मोजतो ती सगळी साखळी, म्हणून तो पेटीच्या पत्त्यावर वाचायचा नसतो, आईच्या पत्त्यावर वाचायचा असतो.

पहिला आठवडा

वर्षाचे बारा महिने सारखे धोक्याचे नसतात. २०२० च्या देशाच्या २८ या आकड्याची फोड केली तर त्यातले २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते आणि १५ तर पहिल्या सात दिवसांतले. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळं बारशाआधीच गेली.

फोड करायची ती कारणं वेगळी असतात म्हणून. महिन्यानंतरचे मृत्यू बरेचसे घराबाहेरून येतात: दूषित पाणी, वरच्या दुधाची न उकळलेली बाटली, न्यूमोनिया, चुकलेली लस. नळाला शुद्ध पाणी आलं, लसीकरण झालं, मीठ-साखर-पाणी घराघरात पोहोचलं की ते कमी होतात, आणि आपल्याकडे झालेही. पहिल्या आठवड्यातले मृत्यू आईच्या गरोदरपणातून आणि बाळंतपणाच्या त्या काही तासांतून येतात: बाळ जन्मल्यावर रडलं नाही, दिवस भरले नव्हते, जंतुदोष झाला. हे कमी करायला जास्त कष्ट पडतात, कारण तिथे तासांचा हिशेब असतो.

याच आकड्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. निसर्गतः मुलगे अर्भकावस्थेत थोडे नाजूक असतात. दोघांची काळजी सारखी घेतली जाते अशा देशांत मुलग्यांचा मृत्युदर मुलींपेक्षा काहीसा जास्त असतो. भारतात मात्र दोघांचा दर जवळपास सारखा दिसत आला आहे. कागदावर ही समानता वाटते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की निसर्गाने मुलींना दिलेली आघाडी आपण घरात खाऊन टाकतो. मुलीला दवाखान्यात न्यायला एक दिवस उशीर, एवढंही त्याला पुरतं.

चौकट: शब्दांचा अर्थ

*अर्भकमृत्यू दर:* एक वर्षाच्या आतले मृत्यू, दर हजार जिवंत जन्मांमागे. *नवजात मृत्युदर:* पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, त्याच हिशेबाने. *मृतजन्म:* जन्मताना जिवंतपणाची एकही खूण नसलेलं बाळ. ते अर्भकमृत्यूत धरत नाहीत, त्याची नोंद वेगळी. *जिवंत जन्म:* एकदा जरी श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दिसली तरी. *कमी वजनाचं बाळ:* जन्मतः अडीच किलोच्या आतलं.

साखळी घरातच धरली तर

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने इथे मातृसेवा संघ सुरू केला. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताईंनी डफरिन हॉस्पिटलमध्ये परिचारिकेचं शिक्षण घेतलं होतं. ज्या काळात विधवेचं घराबाहेर पडणंच लोकांना खुपत होतं, त्या काळात त्या दुसऱ्यांची बाळंतपणं करत होत्या. पुढे विदर्भात गावोगाव संघाची सूतिकागृहं उभी राहिली. दवाखाना बाळंतिणीच्या जवळ न्यायचा, हा विचार त्यामागे होता.

त्याच्याही पुढचं पाऊल गडचिरोलीत पडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली तेव्हा त्यांच्या कामाच्या गावांत अर्भकमृत्यू दर हजारी १२१ होता. दवाखाना दूर, आणि बाळंतीण घर सोडत नाही. मग उपचारच घरात न्यायचा असं ठरलं. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करणं, ते ऊबदार ठेवणं, न रडलेल्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास देणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं आणि इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या.

या कामातलं एक साधन मला फार आवडतं. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास झाले तर धोका. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं? तिच्यासाठी मण्यांची एक पाटी तयार झाली, सोबत एक मिनिटाची वाळूची घटिका. घटिका उलटी करायची, बाळाचं पोट बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याच्या मण्यापर्यंत पोहोचलं तर उपचार सुरू. दहापर्यंतची मोजणी सगळ्यांनाच येते. ज्ञान कमी पडत नव्हतं, ते तिच्या बोटांच्या मापाचं झालेलं नव्हतं.

१९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ च्या आसपास होता, तो तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. जिथे हा प्रयोग नव्हता त्या शेजारच्या गावांत तो ६० च्या जवळच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभर आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जायचं असं ठरलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीतला उतार नव्या इमारतींमुळे आलेला नव्हता. गावात काय घडतंय तेच या दराने दाखवलं.

आकडा कधी फसवतो?

इतकं उपयोगी माप चुकीचं वाचलं तर फार नुकसान करतं.

लहान गावाचं उदाहरण घ्या. वर्षाला ४० बाळं जन्मतात. एक गेलं तर दर २५, दोन गेली तर ५०, एकही नाही तर शून्य. एका बाळाने आकडा दुप्पट होतो. म्हणून एका गावाचा एका वर्षाचा दर बघून तिथल्या नर्सला नोटीस देणं अन्यायाचं आहे. त्याचा परिणामही ठरलेला असतो: पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाच्या नावापुढे 'मृतजन्म' असं लिहिलं जातं. तासभर जगलेलं बाळ मेलेलंच जन्मलं असं लिहिलं, की ते जन्मांतूनही जातं आणि मृत्यूंतूनही. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा शोध घेणारा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१-०२ च्या सुमारास आला तेव्हा हाच धक्का बसला होता: घरोघर जाऊन मोजलेले मृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले.

आपली पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीतही हिशेबात गुंता करते. नाव सासरच्या गावच्या यादीत, जन्म माहेरच्या गावात, उपचार नागपुरात. तिन्हीकडच्या आशाताईंना वाटतं की हे बाळ दुसरीच्या वहीत असेल. म्हणूनच देशाचे आणि राज्यांचे आकडे दवाखान्यांच्या वह्यांवरून काढत नाहीत. त्यासाठी नमुना नोंदणी पद्धत आहे. निवडक वस्त्यांतल्या कुटुंबांची नोंद तिथला एक जण वर्षभर ठेवतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याची वही न बघता घरोघर जाऊन तेच विचारतो. दोन्ही याद्या जुळवतात, आणि जुळत नाही ते घर पुन्हा गाठतात. गल्ला दोघांनी वेगवेगळा मोजावा तसं. इथे मोजणी घराच्या उंबऱ्यावर होते, दवाखान्याच्या खाटेवर होत नाही. सुरुवातीचं कोडं इथे सुटतं.

सरासरीबद्दलही सावध राहायला हवं. शंभर पानांच्या पंगतीत शंभर पुऱ्या वाढल्या म्हणजे प्रत्येकाला एक मिळाली असं नाही. महाराष्ट्राच्या १६ या आकड्यात रामदासपेठही आहे आणि मेळघाटातली धारणी-चिखलदऱ्याची गावंही आहेत. मेळघाटातल्या कोरकू बाळांचे मृत्यू १९९० च्या दशकापासून विधिमंडळात आणि न्यायालयात गाजत आहेत. राज्याचा आकडा उतरला म्हणून तिथली काळजी उतरलेली नाही. जिल्ह्याचा, तालुक्याचा, आदिवासी आणि बिगरआदिवासी असा वेगवेगळा दर, तीन-चार वर्षांचा एकत्र करून, दरवर्षी लोकांपुढे मांडला गेला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आमदारांनी गावात किती मीटर रस्ता केला याचे फलक लागतात. हा आकडाही त्या फलकावर असावा.

एक नोंद आपल्या हातातली

हे सगळं मोजमाप शेवटी कुणीतरी केलेल्या नोंदीवर उभं आहे. बाळ अल्पायुषी ठरलं तर घरचे नोंदीच्या भानगडीत पडत नाहीत. दुःख असतं. 'नावही ठेवलं नव्हतं, काय लिहायचं?' असंही वाटतं. तर जन्म नोंदवायला नाव लागत नाही. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि नाव नसलं तरी नोंद पूर्ण धरतात. मुदत २१ दिवसांची. दवाखान्यात घडलं असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी घडलं असेल तर कुटुंबप्रमुखाची.

तुमच्या घरात, शेजारी, शेतावर कामाला येणाऱ्या कुटुंबात असं काही घडलं तर आशाताईला कळवा, ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयात सोबत जा. एकदाच श्वास घेऊन गेलेल्या बाळाच्याही दोन नोंदी होतात: एक जन्माची, एक मृत्यूची. दोन्ही करून घ्या.